चौदा पावलांवरचा फोन

४ जानेवारी, कंधार

मायला आज पलंगाच्या कडेला बसवलं. पाय खाली सोडून दहा मिनिटं. वॉकर समोर ठेवला. तिने त्यावर ओला टॉवेल वाळत घातला.

खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते, हाड छान बसलंय, आता त्यांच्या मनावर आहे. लवकर चालल्या तर चालतील. नाहीतर मग...

माझी रजा ११ फेब्रुवारीपर्यंत. १२ला लातूरला कॉलेजात हजर. तोवर मायला न्हाणीपर्यंत एकटीला जाता आलं तर ती इथे, स्वतःच्या घरात. नाही आलं तर माझ्याबरोबर लातूरला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ती म्हणते, "तिथं नेऊन टाकलीस तर मी जेवनार न्हाई." म्हणते तसं करते, हा तिचा दोष.

दु. ४ला फोन. मावशीचा, अहमदपूरहून. गेली कित्येक वर्षं रोज चारला. घरात रेंज एकाच जागी येते, पुढच्या खोलीतल्या खिडकीत. फोन तिथेच कट्ट्यावर पडलेला असतो. उचलून मायकडे धावले. मधल्या उंबऱ्यात आवाज तुटला.

"काय म्हनली सुमी?"
"हॅलो."
"मंग?"
"मग रेंज गेली."

भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवली नाही नीट.

५ जानेवारी

जमलं.

मायचा फोन खिडकीतच ठेवला. माझा लॅपटॉप ब्लूटूथने त्याला जोडला आणि मायच्या उशाशी स्टुलावर ठेवला. जोडताना तो एकेक परवानगी मागत होता. सगळ्यांना हो म्हटलं. पलंगापासून खिडकी चौदा पावलं, मध्ये एक भिंत. तेवढं अंतर तो कापतो, थोडी खरखर करून.

चारला फोन खिडकीत वाजला आणि लॅपटॉप इथे. पडद्यावर नाव आलं: सुमी अ.पूर.

माय दचकली. "ह्याच्यात कशी आली ही?"
"बोल. उचललाय."
"अक्का?" मावशीचा आवाज खोलीभर.

मायने पदर सारखा केला. मग एक तास दहा मिनिटं बोलली. बहुतेक वेळ दोघी गप्प होत्या. मावशीकडे कुकर झाला, एक म्हैस ओरडली. मी शेजारी एम.ए.च्या पोरांचे निबंध तपासत बसले. इतकं शांत बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

स्वतःवर खूश आहे.

७ जानेवारी, रविवार

गोदाकाकू आल्या होत्या. शेजारच्या. माय पडली त्या दिवशी ऑटो बोलावून दवाखान्यात नेलं ते त्यांनीच. चहाचा कप घेऊन बसल्या आणि चार वाजले. मावशीला काय माहीत खोलीत कोण आहे ते. फोन कानाला असता तर प्रश्न नव्हता.

मावशी: "अक्का, ती गोदी अजून चहाच्या टायमालाच येती का गं?"
गोदाकाकू कपातून मान वर करून: "येती की. आत्ता बी प्यायलीय. साखर कमी हाय."

मग तिघी इतक्या हसल्या की मायने कमरेला हात लावला. घाबरले. दुखलं नव्हतं. हसताना धरायला हात लागतो म्हणाली.

११ जानेवारी

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. मावशीकडची सगळी पूजेला शेतात. मावशीने तिथूनच फोन लावून कडब्याच्या खोपीजवळ ठेवून दिला. लॅपटॉपमधून वारा. भांडी. भज्जी वाढा, आंबील आण, उंडे कुठायत. कोणीतरी "हर हर महादेव" म्हणालं, कोणीतरी दुसऱ्याच्या अंगावर आंबील सांडलं.

माय डोळे मिटून ऐकत होती. मध्येच: "हरभऱ्याला घाटे धरले का गं?" तिकडे ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं नाही तिने. मी पिठलं केलं होतं. म्हणाली, "आज पिठलं खात असत्यात का?" आणि खाल्लं.

१५ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून फोन. हिमायतनगरची आत्या, देगलूरची आत्या, बाबांच्या शाळेतले जुने शिपाई. माय आता लॅपटॉपवर स्वतः फोन उचलायला शिकलीय. बोट ओढून हिरव्यावर आणते आणि जोरात दाबते, खिळा ठोकल्यासारखं. गल्लीतल्या बाया तिळगूळ घेऊन आल्या त्या पलंगाभोवती बसल्या, आलेल्या प्रत्येक फोनशी त्याही बोलल्या. दरबार.

कोणाविषयी वाईट बोलायचं असलं की माय लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली करते. फोन चालू असो नसो. तेवढ्याने त्याला ऐकू जात नाही अशी तिची खात्री.

वॉकरवर आता टॉवेल, एक परकर आणि माझी ओढणी.

१८ जानेवारी

नाझिया आली. फिजिओथेरपीची मुलगी, आठवड्यातून दोनदा येते, स्कूटीवर, पाठीला सॅक. माय तिला आवडते. तरीही आज तिने वॉकरवरचे कपडे एकेक करून काढले, घडी घातली, माझ्या हातात दिले.

"मावशी, आज चार पावलं."
"उद्या."
"हे उद्या मी कितव्यांदा ऐकायलेय?"
"तू मोज. तू शिकलेली हायस."

दोन पावलं. मग बसली. ओठ पांढरे.

जाताना दारात नाझियाने मला विचारलं, पडायच्या आधी दिवसभरात ह्या कशा-कशासाठी उठायच्या? मी सांगितलं, स्वयंपाक, देव, तुळस. "ते सगळं आता तुम्ही करताय. आणखी?" फोन, म्हटलं. खिडकीत उभ्याने तास-तास बोलायची. कट्ट्यावर कोपर टेकून.

आत स्टुलावर लॅपटॉप होता, त्याच्याकडे तिने पाहिलं. मग स्कूटीला किक मारताना: "ताई, तुम्ही दुनिया उचलून त्यांच्या उशाशी आणून ठेवलीत. आता त्या कशाला उठतील?"

रागावले तिच्यावर. दुपारभर.

चोवीस दिवस उरले.

१९ जानेवारी

बरोबर आहे ती.

सकाळी जोडणी तोडली. मायला म्हटलं, लॅपटॉप बिघडला. चारला फोन खिडकीत वाजला, एकटाच. माय माझ्याकडे पाहत राहिली. मी गेले नाही. वाजून थांबला. परत वाजला. थांबला.

"बघ की काय बिघडलंय."
"लातूरला दाखवावा लागेल."

खोटं बोलताना मी निबंधावर मार्क देत होते. कोणाला किती दिले, परत बघायला हवं.

२० जानेवारी

माय सकाळी, चहा पिताना, माझ्याकडे न बघता:

"लॅपटॉप बिघडलाय म्हनतीस. मंग काल रातच्याला त्याच्यावर टकटक काय करायली होतीस?"

खरं सांगितलं. तू उठावंस म्हणून. खिडकीपर्यंत.

तिने कप खाली ठेवला. मग: "पोटच्या लेकरानं असं करावं." आणि थोड्या वेळाने: "चहात आलं घालत जा."

२२ जानेवारी

संप. चारला फोन वाजतो, माय छताकडे बघते. मी जाऊन उचलते. मावशी: "अक्का कुठंय? झोपलीय? ह्या टायमाला? बरी हाय ना? मला खरं सांग गं बाई." बरी आहे म्हणते. मावशीला कारण सांगता येत नाही. माय ऐकत असते, चौदा पावलांवरून.

२३ जानेवारी

तसंच. मावशी रडली फोनवर.

२४ जानेवारी

गोदाकाकूंकडे ताक आणायला गेले होते. सांगितलं त्यांना, माय फोनसाठीसुद्धा उठत नाही. लॅपटॉपचं सगळं सांगितलं. त्यांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"फोनसाटी उटायला लावायलीस तिला?"
"हो."
"तुला न्हाई का सांगितलं तिनं?"

माय न्हाणीत पडली नव्हती. मला, डॉक्टरांना, सगळ्या नातेवाइकांना ती न्हाणीत घसरले असं सांगत आली. ती मधल्या उंबऱ्यात पडली. चार वाजले होते, फोन वाजत होता, ती स्वयंपाकघरातून घाईने खिडकीकडे निघाली आणि उंबऱ्याला पाय अडकला. काकू आल्या तेव्हा माय जमिनीवर आणि फोन पुन्हा वाजत होता. मायने पहिलं काय सांगितलं असेल तर, "गोदे, सुमीला कळू देऊ नको. आपल्या फोनानं पडली म्हनून जलमभर मनाला लावून घेईल." शपथ घातली.

म्हणून न्हाणी.

आणि मी तो फोन, त्याच उंबऱ्यापलीकडे ठेवून, वाजत सोडला. रोज. चारला.

घरी आले. लॅपटॉप उघडला. जोडणी सुरू करायला लागले. माय बघत होती.

"काय करायलीस?"
"जोडतेय परत."
"गोदीनं सांगितलं व्हय." प्रश्न नव्हता.
मी मान हलवली.
"नको जोडू."
"माय."
"नको म्हनलं ना. र्‍हाऊ दे तसाच."

ताक पिऊन झोपली. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले थोडा वेळ.

२५ जानेवारी

नाझियाला सांगितलं. ती मायजवळ जमिनीवर बसली. उंबऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "याची भीती वाटते?" माय म्हणाली, "त्याची न्हाई. आवाजाची. फोन वाजला की पाय आपोआप पळायला बघतेत. आन् पळता येत न्हाई हे त्यान्ला ठाव न्हाई."

नाझियाने तिचा पाय हातात घेतला. मग म्हणाली, "मग आधी पायांना सांगू. फोन वाजला की काय करायचं? एक श्वास. मग उठायचं. वाजू द्या. कटला तर कटला."

"सुमीला वाटंल मी मेले."
"त्या परत करतील."

मी सुतार बोलावून उंबरा काढून टाकू म्हटलं. इंचभराचाच तर आहे. माय एवढी ताडकन बोलली की नाझियासुद्धा दचकली. "लगीन होऊन आले त्या दिसापासून हळद-कुंकू वाहायलेय मी त्याला. मी पडले, त्यानं काय केलं?"

राहिला.

२८ जानेवारी, रविवार

पाच पावलं.

मावशीला खिडकीतून फोन केला. सांगितलं, माय चालायला शिकतेय, फोनपर्यंत यायला वेळ लागेल, कटला तर घाबरू नको, परत लाव, तीन-चारदा लाव. मावशी: "तिला लॅपटॉपवर दे की." बिघडलाय म्हटलं. या घरात आता मावशीशी सगळेच खोटं बोलतात.

३१ जानेवारी

आठ. चारच्या फोनाला उठली. आधी डोळे मिटून एक श्वास घेतला, देवापुढे घेते तसा. वॉकर, पाय, पाय. आठव्याला फोन कटला. तिथेच उभी राहिली, परत वाजायची वाट बघत. परत वाजला. पण पाय थरथरायला लागले होते. खुर्ची सरकवली.

खुर्चीतून खिडकीकडे ओरडली, "यायलेय गं सुमे, यायलेय." फोन वाजतच होता.

३ फेब्रुवारी

उंबऱ्यापर्यंत. नऊ. पलीकडे गेली नाही. वॉकर उंबऱ्याला टेकवून उभी. मी मागे, हात तिच्या कमरेपासून बोटभर दूर. धरायचं नाही असं नाझियाने बजावलंय. लहानपणी मला विहिरीत पोहायला सोडताना माय काठावर अशीच उभी होती, हे मी तिला सांगितलं नाही. चुकीची वेळ होती.

तिन्ही वेळा फोन वाजून कटला. माय परत फिरली. पलंगावर बसल्यावर मला म्हणाली, "तू निबंध तपास तुझे. अशी भूत लागल्यावानी माझ्या मागं नको फिरू."

६ फेब्रुवारी

ओलांडला.

आधी वॉकर उचलून पलीकडे. मग चांगला पाय. मग खूप वेळ काहीच नाही. मग दुखरा. मी तिच्या टाचेकडे बघत होते. नाझिया मात्र फोनमध्ये वेळ बघत होती, निदान तसं दाखवत होती.

पलीकडे गेल्यावर माय वळून उंबऱ्याकडे बघून म्हणाली, "झालं का समाधान?" कोणाला, कळलं नाही.

खिडकी अजून पाच पावलं. तिथेच खुर्ची टाकली. आज एवढंच.

९ फेब्रुवारी

चार वाजून अकरा मिनिटांनी. मावशीच्या चौथ्या फोनाला. कट्ट्यावर कोपर टेकवून, उभ्याने.

"बोल गं."
मावशीचं ऐकू आलं नाही, फोन कानाला होता. बऱ्याच दिवसांनी मला फक्त मायचाच भाग ऐकू येत होता.
"दम कुठं लागलाय? पापड लाटायले होते."
...
"फेब्रुवारीत लाटत न्हाईत? मी लाटायलेय. तुला काय करायचंय?"
...
"न्हाई गं. न्हाई. न्हानीतच. किती डाव सांगू?"

मी आतल्या खोलीत गेले.

तीन मिनिटं बोलली. मग परत. परतीला एकदा डुगडुगली. हात पुढे केला. धरला नाही तिने. पण नको असंही म्हणाली नाही.

१० फेब्रुवारी

नाझियाचं मत: एकटीने राहायला अजून दोन आठवडे हवेत. गोदाकाकूंचं मत: मी रात्री येऊन झोपते, दिवसा दोनदा चक्कर मारते, तू जा. माझं मत नाही. रजा वाढवायला अर्ज लिहिला, पाठवला नाही.

माय: "बुधवारपर्यंत बघ. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर उचलून न्हे तुझ्या तिसऱ्या मजल्यावर. मी काय म्हननार न्हाई."
"जेवशील?"
"जेवंन."

हे ऐकून जास्त वाईट वाटलं.

ठरलं. रोज मी पाचला फोन करायचा. चारला मावशी, पाचला मी. म्हणजे दिवसातून दोनदा खिडकी. फोन उचलायला गोदाकाकूंना मनाई. मायने स्वतः बजावलं त्यांना: "माझ्या फोनाला हात लावला तर बघ."

काकू: "लावत न्हाई बाई. चहाला तरी लावू का?"

११ फेब्रुवारी, रविवार

निघताना माय पलंगावर बसून होती. दारापर्यंत येते म्हणाली, मी नको म्हटलं. पाया पडले. डोक्यावर हात ठेवला आणि केसांत तेल नाही म्हणाली.

बसमध्ये अहमदपूर आलं तेव्हा मावशीकडे उतरावं असं वाटलं. उतरले नाही. तिच्यासमोर बसून न्हाणी म्हणता आलं नसतं.

१२ फेब्रुवारी, लातूर

कॉलेजात दोन तास घेतले. पोरांनी विचारलं, मॅडम, आई कशा आहेत. चालतात, म्हटलं. बरोबरच आहे तसं.

दु. ५. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आहे. लॅपटॉपवरूनच लावला. आवाज पूर्ण मोठा. वाजला. कटला.

परत लावला. कटला.

गोदाकाकूंचा नंबर समोर आहे. लावला तर त्या धावत जातील, माय त्यांना बघेल, मी घाबरले हे तिला कळेल. नाही लावला.

तिसऱ्यांदा. बराच वेळ वाजला.

"हं." श्वास. "कोन?"
"मी, माय."
"तूच असनार की. पाच वाजलेत." श्वास. "पोचलीस?"
"कालच."
"जेवलीस?"
"हो. तू कशी आहेस?"
"उभी हाय."

मग दोघी गप्प. तिकडे रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाली, "सुमीसंगं चारला उभी होते, आता तुज्यासंगं. दुखनारच. ठेवते. परत जायचंय अजून."

ठेवला. पण बंद केला नाही. कट्ट्यावर नुसता ठेवून दिला. पडद्यावर तिचं नाव तसंच, सेकंद पुढे जाताहेत.

लॅपटॉपमधून वॉकर ऐकू येतोय. ठक. मग चप्पल. ठक. चप्पल. लांब जातोय. मी कान स्पीकरला लावलाय. तीन. चार.

पाच. उंबरा.

थांबलाय.

हाक मारली तर दचकेल. मारत नाही. फोन चालू आहे. पाच वाजून बावीस मिनिटं.